जपानी आर्टबुक: विकत घेण्यापासून स्कॅन करण्यापर्यंत, आणि तेही पुस्तक न फाडता

माझं पहिलं सेकंडहँड जपानी आर्टबुक घरी आलं तेव्हा मी अर्धा तास नुसती पानं उलटत बसलो होतो आणि मग लक्षात आलं की फोटोत जे घडी घातलेलं पोस्टर दिसत होतं ते आत नाहीच. परत जाऊन लिस्टिंग नीट वाचलं, भाषांतर करून बघितलं, तर तिथे स्पष्ट लिहिलं होतं, पोस्टर "केप्पिन", म्हणजे गायब. विकणाऱ्याने सगळं सांगितलं होतं, मीच वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक पुस्तकाची वही ठेवायला लागलो, आणि हा लेख जवळजवळ त्या वहीतूनच काढलाय.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आर्टबुक म्हणजे नुसती चित्रं नाहीत, ती छपाई आहे. तेच चित्र मोबाईलवर फुकट दिसतं तरी आपण पुस्तक घेतो ते कागद, शाई आणि आकारासाठी, त्यामुळे घेताना, परीक्षण लिहिताना आणि स्कॅन करताना नजर छपाईवर पाहिजे.

आधी ओळखा की पुस्तक आहे कुठलं

"आर्टबुक" हा आपला सोयीचा शब्द, जपानीत त्याचे बरेच प्रकार आहेत आणि नाव न समजता घेतलं की अपेक्षाभंग होतो. "गाशू" म्हणजे चित्रसंग्रह, पूर्ण रंगीत तयार चित्रं, बहुतेकांच्या डोक्यात असतं ते हेच. "सेत्तेइ शिर्योशू" म्हणजे सेटिंगची कागदपत्रं, म्हणजे पात्र समोरून, बाजूने, मागून कसं दिसतं, चेहऱ्याचे हावभाव, कोण किती उंच, कपड्याचं बटण कुठे. ही अ‍ॅनिमेटर लोकांना कामासाठी काढलेली रेघांची चित्रं असतात, रंग फार कमी. चित्र काढायला शिकणाऱ्यांसाठी सोनं आहे पण ज्याला रंगीत पानं हवीत तो नाराज होणार. "गेंगाशू" मध्ये अ‍ॅनिमेशनची मूळ की-ड्रॉइंग्ज, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं असतात, पेन्सिलच्या रेघा, टायमिंगच्या खुणा, रंगीत पेन्सिलीने दाखवलेल्या सावल्या. "एकोंते" म्हणजे स्टोरीबोर्ड. आणि "बिजुत्सु" लिहिलेलं असेल तर बहुधा बॅकग्राउंडची चित्रं, हा माझा सगळ्यात लाडका प्रकार. ओगा काझुओ, जे १९८८ च्या 'माय नेबर तोतोरो'चे आर्ट डायरेक्टर होते, त्यांची पोस्टर कलरमधली झाडं आणि शेतं छापील पानावर बघा एकदा, हिरव्याच्या आत किती हिरवे असतात ते स्क्रीनवर मला कधी दिसलंच नव्हतं.

याशिवाय "मुक", म्हणजे मॅगझिन आणि बुक यांचं मिश्रण, आणि "दोजिन्शी", म्हणजे कलाकाराने स्वतः छापून विकलेलं पुस्तक. दोजिन्शीचा मोठा बाजार म्हणजे कॉमिक मार्केट, १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं, वर्षातून दोनदा भरतं, १९९६ पासून टोकियो बिग साइट या प्रदर्शन केंद्रात. दोजिन्शी थोड्या प्रती छापतात, परत छापतीलच असं नाही आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक नसतो, म्हणून आवडली तर थांबू नका.

नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची? मी दोन रस्ते सांगतो. आवडीच्या फिल्मचं इंग्रजी आवृत्तीतलं आर्टबुक घ्या, जिब्ली या अ‍ॅनिमेशन स्टुडिओची व्हिझ या प्रकाशकाने काढलेली आहेत, कॅपकॉमच्या गेम्सची युडॉन या प्रकाशकाने काढलीत, ती आपल्याकडच्या साइट्सवर अधूनमधून मिळतात आणि मजकूरही वाचता येतो. नाहीतर शोएइशा या प्रकाशकाचं 'इलस्ट्रेशन' नावाचं वार्षिक घ्या, एका पुस्तकात १५० चित्रकार असतात, त्यातून कळतं की आपल्याला नक्की कोण आवडतं, मग त्या एकाची गाशू शोधा. पहिल्याच फटक्यात दुर्मिळ काहीतरी महागात घेऊ नका.

विकत घेताना

नवीन पुस्तक असेल तर जपानमध्ये किंमत प्रकाशकच ठरवतो आणि दुकानदाराला ती पाळावी लागते, त्यामुळे नव्या पुस्तकावर सेल लागेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही. साधारण गाशू २,५०० ते ४,००० येनच्या आसपास असते. वाट बघायचीच तर सेकंडहँडची बघा. मांदाराके (१९८० मध्ये टोकियोच्या नाकानो ब्रॉडवेत सुरू झालेलं), सुरुगाया, बुकऑफ ही नावं लक्षात ठेवा, शिवाय याहू ऑक्शन्स आणि मेरकारी. यातले बरेच जण थेट भारतात पाठवत नाहीत, तिथे प्रॉक्सी लागते, म्हणजे बायी किंवा झेनमार्केटसारखी सर्व्हिस, जी तुमच्यासाठी घेऊन गोदामात ठेवते आणि चार-पाच पुस्तकं एकत्र पाठवते.

शोधताना नाव जपानी लिपीतच टाका. इंग्रजी अक्षरांत शोधलं तर परदेशी गिऱ्हाईकासाठी चढवलेल्या किमतीच आधी दिसतात. जपानी नाव प्रकाशकाच्या पानावरून कॉपी करा, आणि पुस्तक जुनं असेल तर जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीचा ऑनलाइन कॅटलॉग फुकट आहे, तिथे नाव, प्रकाशक, साल, पानं, सेंटीमीटरमध्ये उंची सगळं मिळतं. पुण्यात तर जपानी शिकणारे इतके आहेत की ओळखीत एखादा एन३ वाला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी पास झालेला, नक्की सापडेल, लिस्टिंग वाचून घ्यायला पाच मिनिटं मागा त्याच्याकडे.

लिस्टिंगमधले हे शब्द पाठ करा, खरंच सांगतो पैसे वाचतात. "ओबी" म्हणजे पुस्तकाभोवतीची कागदी पट्टी, "ओबी-त्सुकी" म्हणजे पट्टी आहे, "ओबी-नाशी" म्हणजे नाही. "याके" म्हणजे उन्हाने किंवा वयाने पिवळं पडलेलं, "शिमी" म्हणजे तपकिरी ठिपके किंवा डाग, "ओरे" म्हणजे दुमडलेलं, "काकिकोमी" म्हणजे आत कोणीतरी लिहिलंय, "किरितोरी" म्हणजे कापून काढलंय. कडांवर थोडं याके असेल तर मी बिनधास्त घेतो, कारण ग्लॉसी कागदाची आतली पानं बहुतेक वेळा ठीक असतात. शिमी असेल तर विचार करतो, कारण ते आतपर्यंत गेलेलं असू शकतं आणि आपल्या हवेत वाढतं. किरितोरी असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. सिगरेटच्या वासाचा उल्लेख असेल तरी सोडा, तो वास काही जात नाही.

वजनाचा हिशोब आधी करायचा. आर्टबुकचा कोटेड कागद बऱ्याचदा १२८ किंवा १५७ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागे तितके ग्रॅम असतो. ए४ आकाराचं २०० पानांचं पुस्तक म्हणजे १०० कागद, एका ए४ कागदाचं क्षेत्रफळ ०.०६२ चौरस मीटर, १५७ ने गुणा, जवळजवळ ९८० ग्रॅम, वर पुठ्ठा आणि पॅकिंग. म्हणजे एक पुस्तक सव्वा किलो धरा. ८०० येनला मिळालेल्या पुस्तकाचं ईएमएसचं, म्हणजे पोस्टाच्या जलद सेवेचं, भाडं पुस्तकापेक्षा जास्त होतं ते यामुळेच. समुद्रमार्गे स्वस्त पडतं पण महिने लागतात आणि पावसाळ्यात डबा बंदरात पडून राहिला तर ओल लागायची भीती, म्हणून मी जूनच्या आसपास पोचेल असं काही समुद्राने मागवत नाही.

कस्टम्सचं म्हणाल तर २०१९ च्या बजेटपासून आयात केलेल्या छापील पुस्तकांवर ५ टक्के बेसिक ड्युटी आली, पुस्तकांवर जीएसटी नाही. म्हणून पार्सलच्या कागदावर "छापील पुस्तकं" असं स्पष्ट लिहून घ्या, आणि त्याच डब्यात फिगर, टी-शर्ट, कीचेन कोंबू नका, मिसळलेल्या डब्याचे प्रश्न फार होतात. कुरिअर असेल तर केवायसी मागतात, कागद तयार ठेवा. आणि जपानहून येणारं कोणी ओळखीचं असेल, टोकियोतल्या निशि-कासाईत कोणाची मावसबहीण वगैरे, तर सगळ्यात भारी. फक्त आधी विचारा की बॅगेत किती किलो जागा आहे, आणि चार पुस्तकं सांगून दहा पाठवू नका त्यांच्या घरी.

पुस्तक आल्यावर पहिला अर्धा तास

एसीतून किंवा थंड गोदामातून आलेलं पार्सल लगेच फाडू नका, दोन-तीन तास खोलीत राहू दे म्हणजे आत दव धरत नाही. मग कोरड्या हातांनी, आधी बाहेरून फोटो, मग जॅकेट काढून. जॅकेटच्या खाली मुख्य पुठ्ठ्यावर बऱ्याचदा वेगळंच चित्र असतं, कितीतरी लोकांना वर्षानुवर्षं माहीत नसतं! मग सगळी पानं एकदा मोजत उलटायची. पानांचे आकडे सलग आहेत ना, घडीची पानं फाटली नाहीत ना, पोस्टर, पोस्टकार्ड, वाचकांचं अभिप्राय कार्ड, जे असेल ते लिहून ठेवायचं.

आता शेवटचं पान, "ओकुझुके". इथे छपाईची तारीख, कितवी छपाई, प्रकाशक, छापखाना आणि कधीकधी डिझायनरचंही नाव असतं. पहिली आवृत्ती म्हणजे "शोहान". तारीख कधीकधी राजाच्या कालगणनेत असते, तेव्हा शोवा असेल तर १९२५ मिळवा, हेइसेइ असेल तर १९८८, रेइवा असेल तर २०१८. म्हणजे हेइसेइ ११ म्हणजे १९९९. आयएसबीएन ९७८-४ ने सुरू होतो, यातला ४ जपानचा, आणि २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १० आकडीच असतो. मला स्वतःला पहिल्या छपाईचं वेड नाही, पण कितवी छपाई आहे हे मी लिहून ठेवतोच कारण दोन छपायांमध्ये रंग वेगळे निघालेले मी बघितलेत, आणि परीक्षण लिहिताना आपण नक्की कुठल्या प्रतीबद्दल बोलतोय हे सांगता आलं पाहिजे.

माझ्या एक्सेल शीटमध्ये नाव जपानीत जसंच्या तसं, त्याचा उच्चार, चित्रकार, प्रकाशक, आयएसबीएन, छपाईची तारीख, मिलिमीटरमध्ये लांबी-रुंदी, पानं, काय काय सोबत आलं, कुठून किती येनला आणि भाडं किती एवढं असतं. आकार स्वतः पट्टीने मोजा. जपानी बी५ म्हणजे १८२ बाय २५७ मिलिमीटर, आंतरराष्ट्रीय बी५ पेक्षा मोठा, त्यामुळे प्लॅस्टिकची कव्हरं मागवताना हमखास चूक होते.

ठेवायचं कसं, आपल्या हवेत

डोंबिवलीत राहतो मी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये चपलांवरही बुरशी येते. कोटेड कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू पाणी, कारण त्याच्यावरचा लेप ओला झाला की समोरासमोरची दोन पानं चिकटतात आणि सुकल्यावर वेगळी करायला गेलं की चित्राचा थर निघून येतो. माझी एका पुस्तकाची सहा पानं अशी गेलीत, खिडकीतून आलेल्या जराशा पावसाने. तेव्हापासून कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवत नाही, मागे चार बोटं जागा ठेवतो, खालचा कप्पा रिकामा. आत सिलिका जेल, रंग बदलणारी घ्या म्हणजे कधी तापवायची ते कळतं, आणि दोनशे-तीनशे रुपयांचं आर्द्रता मोजायचं मीटर. ५० टक्क्यांच्या आसपास आकडा असला की मी निश्चिंत, ६५ च्या वर गेला की जेल बदलतो. डांबरगोळ्या पुस्तकाला लागून ठेवू नका. कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी पुस्तकं बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसणं हाच उपाय मला तरी लागू पडलाय. मोठी जड पुस्तकं आडवी, तीनपेक्षा जास्त एकावर एक नाही. जॅकेटवर पारदर्शक कव्हर घाला, ओबी त्याच्या आत, म्हणजे ती पट्टी काढता-घालताना फाटत नाही.

परीक्षण लिहायचं तर काय लिहायचं

"चित्रं सुंदर आहेत" हे वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं, म्हणून तर तो परीक्षण वाचतोय. त्याला पुस्तक हातात न घेता जे कळू शकत नाही ते सांगा. एका पानावर एक चित्र आहे की चार-चार टपाल तिकिटाएवढी? किती चित्रं दोन पानांवर पसरलीत आणि मधल्या घळीत चेहरा गेलाय का? हे सगळ्यात महत्त्वाचं आणि बांधणीवर अवलंबून आहे. "मुसेन-तोजी" म्हणजे नुसत्या गोंदाची बांधणी, ती पूर्ण उघडत नाही, मध्ये दोन्हीकडून बरंच चित्र गिळलं जातं. "इतो-कागारी" म्हणजे दोऱ्याने शिवलेली, ती बरी उघडते. आणि उघड्या पाठीची कोडेक्स बांधणी तर टेबलावर सपाट पडते, अशी गाशू दिसली की मी परीक्षणात पहिल्या ओळीतच लिहितो.

मग छपाई. एक दहापट भिंग घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं, आणि त्वचेच्या रंगाच्या जागी बघा. साध्या चार रंगांच्या छपाईत गुलाबी रंग मळकट होतो, म्हणून बरेच जपानी प्रकाशक पाचवी शाई म्हणून फ्लुरोसंट गुलाबी वापरतात, गाल आणि केस एकदम जिवंत दिसतात. कव्हरवर सोनेरी-चंदेरी फॉइल आहे का, कागद चकचकीत की मॅट, काळा रंग खरंच काळा आहे की राखाडी, हे लिहा. चित्र मुळात कागदावर काढलंय की डिजिटल हेही सांगा. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कलाकारांचं गुआश (दाट जलरंग), रंगीत शाई, कोपिक मार्करचं काम असेल तर चांगल्या छपाईत ब्रशचा फटकारा आणि कागदाचा पोत दिसतो, दिसत नसेल तर ती तक्रार करा. मजकूर किती आहे, चित्रकाराच्या टिपा आहेत का, सगळं जपानीत आहे का, तेही.

फोटो किती टाकायचे? मी चार-पाच पानांच्या वर जात नाही, आणि तेही पुस्तक हातात धरून, कोनातून, म्हणजे आकार कळतो, बांधणी दिसते पण कोणी त्याचा वॉलपेपर करू शकत नाही. उत्तरेकडच्या खिडकीजवळ सकाळी काढा, ट्यूबलाइट बंद, फ्लॅश अजिबात नाही.

स्कॅनिंग

आता मुख्य काम. जपानमध्ये स्वतःचं पुस्तक स्वतः स्कॅन करण्याला "जिसुइ" म्हणतात, शब्दशः स्वतःचं जेवण स्वतः रांधणं. तिथे बरेच जण कटिंग मशीनने पुस्तकाची पाठ कापून पानं सुटी करतात आणि फीडरमधून सोडतात. मंगासाठी ठीक असेल, आर्टबुकसाठी नको. एक तर पुस्तक गेलं, आणि दुसरं म्हणजे फीडरमध्ये धुळीचा एक कण काचेवर बसला की प्रत्येक पानावर उभी रेघ येते, चकचकीत कागदावर रोलरचे वळ पडतात ते वेगळंच.

म्हणून फ्लॅटबेड, म्हणजे पान काचेवर पालथं ठेवायचा स्कॅनर. पण फ्लॅटबेड दोन जातीचे, सीआयएस आणि सीसीडी. सीआयएस बारीक, हलका, यूएसबीवरच चालतो, स्वस्त, कॅननची लाइड मालिका या जातीची. पण त्याला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं, पान काचेपासून जरा उचललं की धूसर, आणि पुस्तकाचं पान शिवणीजवळ उचललेलंच असतं. सीसीडी जाड आणि जड असतो, पण त्याला खोली जास्त दिसते, एप्सनचा व्ही६०० हा त्यातला. आर्टबुक स्कॅन करायचंच असेल तर सेकंडहँड सीसीडी शोधा, नवीन सीआयएसच्या नादी लागू नका. प्लस्टेकचे ऑप्टिकबुक नावाचे स्कॅनर खास पुस्तकांसाठी आहेत, त्यांची काच जवळजवळ कडेपर्यंत असते म्हणून पुस्तक ९० अंशांतच उघडून कडेला लटकवता येतं, गोंदवाल्या बांधणीसाठी वरदान. वरून फोटो काढणारे ओव्हरहेड स्कॅनर मात्र ग्लॉसी कागदावर चमक पकडतात आणि रिझोल्यूशन कमी पडतं, स्कॅनस्नॅप एसव्ही६०० चं तर ३०० डीपीआयच्याही (डीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सेल) खाली आहे.

काच मायक्रोफायबरने पुसा, लिक्विड लागलंच तर फडक्यावर घ्यायचं, काचेवर शिंपडायचं नाही. जॅकेट आणि ओबी काढून आधी ती स्कॅन करा. पुस्तक एकदम मधे उघडून दाबू नका, पुढून दहा पानं, मागून दहा पानं असं करत मधे या, म्हणजे पाठीची गोंद तडकत नाही.

सेटिंग: ६०० डीपीआय, २४ बिट रंग, आणि ऑटो नावाचं जे जे आहे ते बंद. ऑटो कलर, ऑटो एक्सपोजर, शार्पनिंग, धूळ काढणं, सगळं. कारण ऑटो चालू असेल तर निळ्या पानाला एक रंग आणि लाल पानाला दुसरा, पूर्ण पुस्तक विस्कटतं. एक पान घेऊन सेटिंग ठरवा आणि ते सेव्ह करून शेवटपर्यंत तेच ठेवा.

६०० च का हे समजून घ्या कारण इथेच सगळे फसतात. ऑफसेट छपाई म्हणजे टिपके, आणि जपानमध्ये साधारण १७५ लाइन्स प्रति इंच असतात. ६०० भागिले १७५, म्हणजे एका टिपक्याला साडेतीनच्या आसपास पिक्सेल. ३०० ला स्कॅन केलं तर एका टिपक्याला पावणेदोनच पिक्सेल मिळतात, टिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर चढतात आणि चेहऱ्यावर चौकटीचौकटीचं कापड दिसायला लागतं, त्याला म्वारे म्हणतात. एकदा फाइलमध्ये गेलं की ते काढणं फार कठीण. म्हणून मोठं घ्यायचं, मग लहान करायचं. भिंगातून बघून टिपके फुलासारख्या रांगेत न दिसता वाळूसारखे विखुरलेले दिसले तर ती एफएम स्क्रीन छपाई, तिथे हा त्रास नाही, नशीबवान समजा.

प्रत्येक पानाच्या मागे काळा जाड कागद ठेवायचा, नाहीतर मागच्या पानाचं चित्र पुढे झिरपलेलं दिसतं. हे न करता मी अख्खं एक पुस्तक स्कॅन केलं होतं आणि परत पहिल्यापासून करावं लागलं. झाकण काढता येत असेल तर काढा, पुस्तकावर फोमचा तुकडा आणि त्यावर हात, शिवणीच्या बाजूला हलकासा दाब, स्कॅन चालू असताना हात हलवायचा नाही. आधी सगळी उजवी पानं करा, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. पटापट होतं आणि पुस्तकाला कमी वेळा हाताळावं लागतं. फाइलची नावं पानाच्या आकड्यावर ठेवा, ००१, ००२, आणि पुस्तक उजवीकडून उघडणारं असेल तर तसं नोंदवून ठेवा. माझ्या स्कॅनरवर पान उलटण्यासकट दीड मिनिट जातं, म्हणजे १६० पानांना चार तास. एका दिवसात करू नका, शेवटची पानं वाकडी येतात.

ए४ पान ६०० ला म्हणजे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल, कॉम्प्रेस न करता १०४ एमबी. १६० पानांना जवळजवळ पावणेसतरा जीबी. हार्ड डिस्कची सोय आधी बघा.

आता सफाई. सगळ्यात आधी सरळ करणं, आणि फिरवायचं ते एकदाच, पूर्ण ६०० डीपीआयवर, कारण दर वेळी फिरवलं की थोडं धूसर होतं. मग लेव्हल्स, म्हणजे पांढऱ्या-काळ्याची पातळी ठरवणं. कागदाचा पांढरा २५५ ला नेऊ नका, २४५-२५० वर थांबा, नाहीतर कपाळावरची आणि नाकावरची हलकी छटा उडून जाते आणि ती परत येत नाही. मग डीस्क्रीन, म्हणजे टिपके विरघळवणं. साधी पद्धत म्हणजे दीड-दोन पिक्सेलचा गॉसियन ब्लर, मग ५० टक्के लहान करून ३०० डीपीआय, मग अगदी थोडं शार्पन. गिंप नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं हे सगळं. वायफू२एक्स नावाचं सॉफ्टवेअर २०१५ पासून अ‍ॅनिमेच्या चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, डिजिटल सपाट रंगांवर छान चालतं. पण ब्रशने रंगवलेल्या चित्रावर वापरलंत तर कागदाचा पोत पुसून सगळं प्लॅस्टिकसारखं करतं, ओगांच्या झाडांवर मी एकदा चालवून बघितलं आणि लगेच डिलीट केलं.

दोन पानांचं चित्र जोडायला हगिन नावाचं सॉफ्टवेअर चालतं, किंवा हातानेच लेयर ठेवून. घळीत गेलेला भाग दिसत नसेल तर तिथे स्वतःच्या मनाने रंगवून भरू नका, बारीक रेघ राहू द्या, चित्रकाराने न काढलेली रेघ त्याच्या चित्रात नको.

आणि काही गोष्टी स्कॅन होतच नाहीत हे मान्य करा. फॉइल काळं येतं, चंदेरी शाई राखाडी येते, फ्लुरोसंट गुलाबी फिका पडतो. कितीही सॅच्युरेशन वाढवा, तो रंग पुस्तकातच आहे. रंग ताडून बघायचे असतील तर दिवसाच्या उजेडात किंवा ५००० केल्विनच्या दिव्याखाली पुस्तक मॉनिटरशेजारी ठेवून बघा, पिवळ्या बल्बखाली नाही.

फाइल्स कोणासाठी

स्कॅन माझ्या डिस्कवर राहतात, कोणाला पाठवत नाही, ग्रुपवरही नाही, आणि यावर मी ठाम आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खाजगी वापर आणि परीक्षण यांना जागा आहे, जपानच्या कायद्यात कलम ३० खाजगी प्रतीला परवानगी देतं. पण अख्खं पुस्तक अपलोड करणं दोन्हीकडे बसत नाही, आणि २०२१ पासून जपानमध्ये बेकायदा चढवलेलं पुस्तक जाणूनबुजून डाउनलोड करणंही कायद्याबाहेर आहे. पैसे घेऊन दुसऱ्यांची पुस्तकं स्कॅन करून देणाऱ्यांवर तिथे लेखकांनी २०११ मध्ये केस केली, ती २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन लेखकांच्या बाजूने संपली. कायदा बाजूला ठेवला तरी, थोड्या प्रतींत छापणारा चित्रकार पुढचं पुस्तक याच पैशातून छापतो. आणि एक तपासत जा, पुस्तकाची अधिकृत डिजिटल आवृत्ती आहे का ते, बुकवॉकर या जपानी ई-बुकच्या साइटवर बरीच मिळतात. डिजिटल काढलेलं चित्र असेल तर ती आवृत्ती तुमच्या स्कॅनपेक्षा चांगलीच असणार, तिथे चार तास घालवण्यापेक्षा विकत घ्या आणि स्कॅनिंगची मेहनत जुन्या, परत न छापल्या जाणाऱ्या पुस्तकांसाठी ठेवा.

मूळ ६०० डीपीआयच्या फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये एका डिस्कवर, त्याची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि बघायला ३०० डीपीआयच्या जेपेग, ९० क्वालिटीच्या, टॅबवर. फोल्डरच्या नावात आयएसबीएन टाका. सगळं झालं की काळा कागद आत राहिला नाही ना बघा, पोस्टर आणि पोस्टकार्ड परत त्याच पानात ठेवा, जॅकेट चढवा, ओबी घाला, शीटमध्ये स्कॅनची तारीख लिहा आणि पुस्तक कपाटात ठेवायच्या आधी एक रात्र वजनाखाली आडवं ठेवा, म्हणजे उघडून-उघडून फुगलेली पानं परत बसतात.